वांगी रंगाची गाडी

आमच्या घरी सकाळ उजाडायची ती हौदापाशी. कारंज्याहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा तीन एकरांचा मळा होता आणि मळ्यातच घर. पुढे टिनाची ओसरी, मागे विहीर. बाबांनी मोटर सुरू केली की आधी पाइपातून हवा फुसफुसायची, मग पाण्याचा मोठा लोट हौदात आपटायचा, आणि त्या आवाजाने मी जागी व्हायची. माय तोवर पालक-मेथीच्या जुड्या हौदात बुचकळून चिखल काढत असायची. मी सांभाराच्या जुड्या बांधायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. शहरातली माणसं हा शब्द ऐकून अजूनही हसतात. बाबा वांगी निवडायचे आणि काट्यांनी बोटं ओरबाडली की फुंकर मारून पुढचं वांगं उचलायचे. आणि दादा ओसरीवर बसून रस्त्यावरच्या गाड्या ओळखायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ प्रवीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लहानपणी तो चवड्यांवर चालायचा, वारंवार पडायचा, आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहायचा. शाळेतली पोरं त्याच्या चालीची नक्कल करत. दहाव्या वर्षी त्याला पायऱ्या चढवेनात, बाराव्या वर्षी चालणं थांबलं. एका शिबिरातून चाकाची खुर्ची मिळाली, तिच्यावर तो बसू लागला. शाळा सुटली, ओसरी राहिली. रस्ता तिथून चाळीस पावलांवर, पण मध्ये तुरीचं कुंपण असल्यामुळे दिसत काही नसे. तो ऐकायचा. "यष्टी. मानोऱ्याची. गिअर अटकून राह्यला तिचा." मी धावत जाऊन पाहायची तर खरंच मानोऱ्याची एसटी असायची. लग्नाचा ट्रॅक्टर कोणता, भाड्याची जीप कोणती, तिच्यात माणसं कमी आहेत की ठासून भरली आहेत, हेसुद्धा तो सांगायचा.

नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते बाबांनी मायला विहिरीजवळ सांगितलं होतं. मी हौदाच्या आड भांडी घासत होते. स्नायू झडत जाणार, आधी पाय, मग हात, मग छाती. जगला तर वीस-बाविशीपर्यंत. माय रडली नाही, तिने पदराने विहिरीच्या कठड्यावरची धूळ पुसली. त्या दिवसापासून आमच्या घरात एक खोटं सुरू झालं आणि ते सगळ्यांनी इमानाने सांभाळलं. माय रोज तिळाच्या तेलाने दादाचे पाय चोळायची आणि म्हणायची, "पाह्यजो, पुढच्या रामनवमीले तू पोहरादेवीच्या पायऱ्या आपल्या पायानं चढशीन." बाबा म्हणायचे, "औषध उशिरा लागू होते, पन होते." मीही म्हणायची. दादा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हाव."

तो सतरा वर्षांचा असताना दिवाळीला आमचा मामा पुण्याहून आला. मामा तिथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. दादाचा गाड्यांचा नाद त्याला ठाऊक होता. त्याने पिशवीतून एक जड डबा काढून दादाच्या मांडीवर ठेवला. डब्यावर मागचं दार वर उघडणाऱ्या एका मोठ्या गाडीचं चित्र होतं. आत गाडी नव्हती, गाडीचे तुकडे होते. पांढऱ्या रंगाची धातूची बॉडी, सुटे दरवाजे, बोनेट, पाच सीटा, रबरी टायर, पुडीत मावेल एवढे स्क्रू आणि एक चिमुकला पेचकस. "धातूची हाय बावा, प्लास्टिकची नोको समजू. जोडायची आपनच," मामा म्हणाला. दादाने ती बॉडी दोन्ही हातांनी उचलली. वीतभर लांब होती, पण उचलताना त्याचे हात थरथरले. मामाने मान दुसरीकडे वळवली.

डब्यातल्या कागदावरची चित्रं पाहून आम्ही ती गाडी दोन दुपारींत जोडली. दादा पेचकस धरायचा, मी भाग धरायची. गाडी हुबेहूब चित्रासारखी झाली. मी ती खिडकीत ठेवणार तोच दादा म्हणाला, "आता खोल."

"कायले? आताच तं जोडली."

"अशी सगळ्याईकडेच असंन. आपल्याले आपली करायची हाय."

आता मोबाइलवर असले व्हिडिओ ढिगाने सापडतात. मी शिकवते त्या वर्गातला एक मुलगा मला ते दाखवतो. लोक छोट्या गाड्या विकत घेतात, त्यांचा रंग उतरवतात, चाकं बदलतात, नवी रूपं देतात. त्या कामाला त्यांनी इंग्रजी नाव दिलं आहे, खास ब्रश आहेत, खास रंग आहेत. आमच्याकडे बाबांच्या स्प्रे-पंपाची जुनी नळी होती, आरीचं तुटलेलं पातं होतं, सायकल दुकानातून आणलेल्या तारा होत्या आणि गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा होता.

पहिल्यांदा थिनरने पांढरा रंग उतरवला. त्याच्या वासाने माय आम्हाला ओसरीवरून हाकलायची आणि आम्ही लिंबाखाली जायचो. आतला धातू उघडा पडला, करडा, थंड. मग रंग कोणता, यावर दादाने आठ दिवस घालवले. शेवटी म्हणाला, "वांग्याचा." मला हसू आलं. पण कारंज्यात गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवणारे एक म्हातारे चाचा होते, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते अजिबात हसले नाहीत. "भरताच्या वांग्याचा का काटेरी वांग्याचा, बेटा? दोन्हीत फरक है," त्यांनी विचारलं. मी परत येऊन दादाला विचारलं. भरताच्या. चाचांनी डब्यांच्या तळाशी उरलेला निळा आणि लाल मिसळून, त्यात थेंबभर काळा घालून बाटलीत भरून दिला. दादाने बाबांना मळ्यातून एक ताजं वांगं आणायला लावलं, ते शेजारी ठेवून रंग ताडून पाहिला आणि मला परत कारंज्याला पाठवलं, कारण लाल जरा जास्त झाला होता. त्या संध्याकाळी मायने ते वांगं तुरीच्या काड्यांवर भाजून भरीत केलं. पातीचा कांदा, हिरवी मिरची, वर कच्चं तेल. भाकरीबरोबर खाताना ती म्हणाली, "गाडीचं भरीत खाऊन राह्यलो बाप्पा आपन." त्या हिवाळ्यात आम्ही हसलो ते बहुतेक तेवढंच.

आणि मग दादाने मला खरं काम सांगितलं. ड्रायव्हरची सीट काढायची, तिच्यामागची सीट कापून वाट करायची. तिच्या खालचा तळ कापून सपाट करायचा. मागच्या दाराला पत्र्याची घडीची फळी लावायची, उतरणीसारखी जमिनीपर्यंत येणारी. आणि ब्रेक-अॅक्सिलेटर पायाशी नको, स्टिअरिंगजवळ हाताशी पाहिजे. त्यासाठी तारेचा एक दांडा. मी विचारलं, "मंग ड्रायव्हर कुठी बसन?"

"खुर्चीवर. खुर्चीसगट आत जाईन अन् चालवीन."

मामाने त्याला सांगितलं होतं म्हणे, बाहेरदेशात अशा गाड्या असतात. आम्ही कामाला लागलो. आरीचं पातं फडक्यात गुंडाळून मी तळ कापायची आणि दादा मला थांबवत, पुढे ढकलत, मिलिमीटर मोजत राहायचा. सुरुवातीला पॉलिश पेपर तोच घासायचा. संक्रांतीनंतर त्याच्या बोटांतून पॉलिश पेपर गळून पडायला लागला. मी उचलून द्यायची, तो पुन्हा गळायचा. एके दिवशी त्याने तो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तूच कर. मी सांगतो." तेव्हापासून तो डोळे झाला आणि मी हात झाले. आमच्यात हे कधी ठरलं नाही. मी तारेची एक चिमुकली खुर्चीसुद्धा वळून दिली, तिला चाकं म्हणून मायच्या पोलक्याची जुनी टिचबटणं लावली.

पत्र्याच्या फळीला सेफ्टीपिनेचा सांधा बसला, फळी खाली-वर होऊ लागली, त्या दिवशी त्याने बाबांना हाक मारली. बाबा पाय धुऊन आले, गाडी हातात घेऊन फिरवून पाहू लागले.

"सीट काहून काढली रे? तुटली का?"

"तुटली नाई. तिथं मी बसीन. हे फळी खाली करायची, खुर्ची आत ढकलायची, फळी वर. मंग हातानंच चालवायची."

बाबांनी फळी एकदा खाली केली, एकदा वर केली. तारेची खुर्ची बोटाने आत सरकवली. "लय झ्याक," ते म्हणाले आणि गाडी खाली ठेवून वांग्यांच्या ओळीत निघून गेले. तिथे ते बराच वेळ पाठमोरे उभे होते. पाणी देण्याची ती वेळ नव्हती.

मी दहावीला होते. मार्चच्या आधी शाळेत निरोप समारंभ असतो. सगळ्या मुली साड्या नेसणार होत्या आणि मायने मला तिची मोतिया रंगाची साडी दिली होती, लग्नातली. पेटीतून काढताना तिने ती नाकाशी धरली होती. दुपारी चारचा कार्यक्रम होता. मैत्रीण रस्त्यावर थांबणार होती. मी साडी नेसून ओसरीवर आले आणि दादा म्हणाला, "दरवाजा पाय ना वं, बंद नाई होऊन राह्यला. रंग जाड झाला. जरासा घासून एक हात मार, दोन मिनिटाचं काम."

दरवाजा आम्ही त्याआधी दोनदा घासून दोनदा रंगवला होता. मी म्हटलं, उद्या. तो म्हणाला, उद्यापर्यंत रंग वाळतो, मग आणखी खरवडावा लागेल. मी बसले. घासला, रंगवला. तो म्हणाला, कोपरा राहिला. मी कोपरा रंगवायला वाकले आणि बाटली कलंडली. वांग्याचा रंग मायच्या साडीच्या निऱ्यांवर पसरला. रस्त्यावरून मैत्रीण हाका मारत होती. माय विहिरीकडे होती.

मी काय बोलले ते मला शब्दशः आठवतं. इतक्या वर्षांत त्यातला एक शब्दही पुसट झालेला नाही. मी म्हटलं, "कायले पाह्यजे तुले हे सगळं? तुले कोन गाडी चालवू देनार हाय? स्क्रू धरल्या जात नाई तुह्यानं! अन् पुढच्या सालापर्यंत…"

इथे मी थांबले.

दादा माझ्याकडे पाहत होता. रागाने नाही. शांतपणे, दुरून येणारी गाडी ओळखताना मान जशी थोडी कलती करायचा तशी करून. त्याने विचारलं, "पुढच्या सालापर्यंत काय?"

मी डाग निऱ्यांत आत दुमडला आणि निघून गेले. समारंभात मी गाणं म्हटलं, पेढा खाल्ला, फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे.

संध्याकाळी परत आले तेव्हा तो ओसरीवरच होता. गाडी मांडीवर होती. म्हणाला, "ड्रायव्हरची सीट डब्यात असंन. लाव परत."

"काहून?"

"लाव. चांगली दिसन."

त्या क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. गळ्यात पडून रडायला हवं होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला वाटतं की सांगितलेलं काम मुकाट्याने केलं की माफी मागितल्यासारखंच असतं. मी सीट शोधली. तळ कापलेला असल्यामुळे स्क्रू बसेना, म्हणून डिंक लावून चिकटवली, वर बोट दाबून धरलं. तो पाहत होता. "सरळ बसली," म्हणाला. तारेची खुर्ची त्याने मागितली नाही आणि मीही काढून दिली नाही. त्यानंतर आम्ही त्या गाडीला हात लावला नाही. साडीचा डाग मायने पाहिला, मला एक शब्द बोलली नाही. मी मानलं की सुटले.

बाबांचं मात्र काही वेगळंच चाललं होतं. ते कारंज्याला भाजी घेऊन जायचे आणि वेल्डिंगच्या दुकानात रेंगाळायचे. उन्हाळ्याच्या शेवटी ते एक लोखंडी फळी घेऊन आले, मध्ये सांधा असलेली, दोन्ही कडांना पट्टी लावलेली, म्हणजे चाक घसरू नये. शेजारच्या गावातल्या एकाची मालवाहू छोटी गाडी भाड्याने घेतली, फळी टेकवली आणि दादाची खुर्ची आत ढकलली. दोरीने चार बाजूंनी बांधली. आजूबाजूला वांग्यांचे आणि टमाट्यांचे क्रेट. दादा कारंज्याच्या भाजीबाजारात गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा तो घर आणि दवाखाना सोडून कुठे गेला होता.

मी त्या दिवशी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत होते. मला हे सगळं मायकडून कळलं. त्याने बाजारात सांभार विकला म्हणे, चाचांच्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावली, भजी खाल्ली. येताना बाबांना सांगितलं, क्लच अर्धा दाबून चालवू नका, प्लेट जळते. माय सांगत होती आणि दादा ओसरीवरून ऐकत होता. मी त्याच्याकडे गेले, म्हटलं, "मजा आली का दादा?" तो म्हणाला, "हाव." मायला त्याने सांगितलं होतं तेवढं मला नाही सांगितलं.

तो आणखी दोनदा बाजारात गेला. मग पोळ्यानंतर खोकला सुरू झाला. धड माणूस खोकतो आणि कफ बाहेर पडतो. दादाच्या छातीत तेवढं बळ उरलेलं नव्हतं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे अकरा दिवस. मी शेवटचे चार दिवस होते. एका दुपारी माय चहा आणायला गेली आणि आम्ही दोघंच राहिलो. नाकातली नळी काढलेली होती. मी ठरवून आले होते. म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी जे…"

"पानी दे," तो म्हणाला.

मी चमच्याने पाणी दिलं. एक चमचा, दोन चमचे. मग त्याने डोळे मिटले. त्याला खरंच तहान लागली होती की त्याने मला थांबवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. कधी वाटतं, त्याने माझी सुटका केली. कधी वाटतं, त्याला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. बाबा खाली औषध आणायला गेले होते. त्यांना जिन्यातच सांगावं लागलं आणि ते मी सांगितलं.

घरी मोटरचा आवाज, हौदाचा आवाज तसाच राहिला. सांभाराच्या जुड्या बांधायच्याच होत्या. मायने तिळाच्या तेलाची बाटली कितीतरी दिवस खिडकीतून हलवली नाही. बाबा लोखंडी फळी विकायला तयार नव्हते, वापरायलाही तयार नव्हते. ती गोठ्याच्या भिंतीला टेकलेली असायची, पावसाळ्यात गंजत. त्यांनी मला एकदाच विचारलं, "त्यानं सीट काढली होती ना वं? मले दाखवली होती. आता तं बसवलेली दिसते." मी म्हटलं, "त्यानंच लावाले लावली." हे खोटं नव्हतं. बाबा मान हलवून गेले. आठ वर्षांनी तेही गेले, आणि त्यांच्याजवळ मी यापलीकडे काही बोलले नाही.

मी शिक्षिका झाले. जऊळक्याच्या बाजूच्या एका खेड्यात नोकरी लागली, लग्न झालं, बदल्या झाल्या. आता केस पिकले आहेत आणि माय माझ्याकडे असते. गुडघे गेले आहेत, कान मात्र चांगले आहेत. मागच्या हिवाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून कपाटं रिकामी केली तेव्हा गाडी बाहेर निघाली. वांग्याचा रंग अजून चांगला आहे. मी ती पुसून टेबलावर ठेवली. माय खाली बसून मेथी निवडत होती. मी तिच्याजवळ बसले, एक जुडी माझ्यापुढे ओढली आणि सगळं सांगून टाकलं. साडी, बाटली, रस्त्यावरची हाक, पुढच्या सालापर्यंत. चिकटवलेली सीट. दवाखान्यातलं पाणी. पंचवीस वर्षं मनात घोळवलेलं बोलून संपायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

माय पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "मालूम हाय मले."

"काय मालूम हाय?"

"त्यानं त्याच रोजी सांगतलं होतं. तू गान्याच्या कार्यक्रमाले गेलती तवा. मले म्हने, माय, खरं सांग, पुढच्या सालापर्यंत काय होते? मंग मले सांगाच लागलं." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "लय रडला तो. मीबी रडली. सांज होईपर्यंत. तू येनार होती म्हून मंग तोंड धुतलं दोघाईनं."

मी घरी आले तेव्हा तो ओसरीवर बसून सीट लाव म्हणत होता, तो तोंड धुऊन बसला होता. आणि ही आत भाकरी थापत होती.

"मंग तू मले काईच काहून नाई म्हटलं, माय? इतकी वर्सं?"

"काय म्हनाव?" तिने माझ्यासमोरची जुडी ओढून घेतली, कारण मी नुसतीच हातात धरून बसले होते. "एक लेकरू चाललं होतं माह्यं. दुसऱ्याले कायले हाकलून देऊ?"